मुक्कामाचे पाणी



संतसज्जनहो, 'निवृत्ती' हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटतो. एक त्र्यंबकेश्वरी. तेथे ज्ञानोबारायांचे वडील बंधू आणि सद्गुरू श्रीनिवृत्तिनाथ समाधिस्थ आहेत. दुसरा कचेरीच्या कागदावर, 'सेवानिवृत्ती' म्हणून. पहिली निवृत्ती साधायला जन्म खर्ची घालावा लागतो. दुसरी साठाव्या वर्षी आपली आपण चालत येते; हार घालतात, शाल देतात, हातात नारळ ठेवतात, की झाला मनुष्य निवृत्त! आम्हांस ही दुसरी निवृत्ती मिळाली आणि पहिलीही तिच्याबरोबर पदरात पडली असे आम्ही पाच वर्षे समजत होतो. तो समज कोठे आणि कसा उतरला, ते मनमाडास एकादशीच्या प्रवचनात आम्ही सांगितले. श्रोत्यांचा आग्रह पडला की हे लिहून काढावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही मनमाडचे. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होतो. २०२२ पासून ह्या हुद्द्यास 'ट्रेन मॅनेजर' म्हणू लागले. आम्ही २०१९ साली गार्ड म्हणूनच घरी आलो. मनमाड-दौंड हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झालेला. त्यावर आमची उमर गेली. अनकाई, येवला, कोपरगाव, पुणतांबे, बेलापूर, राहुरी, नगर, विसापूर ही नावे हरिपाठासारखी मुखोद्गत. पण गाव म्हणाल तर एकही पाहिलेले नाही! रात्री हिरवा दिवा दाखवायचा आणि पुढे जायचे. आषाढात खानदेशातले, वऱ्हाडातले वारकरी गाडी बदलण्यास मनमाडच्या फलाटावर उतरत, टाळ वाजत, 'ज्ञानबा तुकाराम' चालू होई. ड्यूटीवर जाता जाता आम्ही त्यांच्या पायांवर हात ठेवीत असू. आमची वारी मात्र कधी घडली नाही. दोष कुणाचाच नाही. यात्रेच्या दिवसांत रेल्वेचे काम वाढणारच.

आमच्या घरच्या मंडळींनी ही सारी वर्षे डबा बांधून दिला आणि पाणी सांभाळले. मनमाडात पाणी सांभाळणे म्हणजे काय ते मनमाडकरासच ठाऊक. वाघदर्डीचे धरण आटले की नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येई. घरातील पिंप, बादल्या, तपेली, सारी भरून ठेवायची, त्यावर फडके बांधायचे, आणि भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालायचे. ह्या शाळेत त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या. आम्ही बाहेरगावी धावणारे, आमचा त्या शाळेत पटावर नाव आणि वर्गात गैरहजेरी.

त्या एक दिवस म्हणाल्या, "अहो, तुमची सगळी स्टेशनं तोंडपाठ झालीत मला. एकदा तिथं उतरायचंय. घाई न करता."

गुडघ्यांमुळे दिंडीत चालणे उभयतांसही शक्य नव्हते. म्हणून एक जुनी ओम्नी गाडी घेतली. जावईबापूंनी घडीचा तंबू दिला. पाच किलोची गॅसची टाकी, दोन सतरंज्या, रग, डाळ-तांदूळ, ज्वारीचे पीठ, आणि वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन. एवढा संसार गाडीत मावला, हे पाहून घरात एवढा पसारा कशासाठी केला होता असे वाटले. आळीतले लोक हसले. "म्हातारपणी हे काय खूळ? आता काय रानात झोपणार?" आम्ही म्हटले, बाबांनो, ह्यात नवे ते काय? आताची मुले ह्यास 'कॅम्पिंग' म्हणतात. पण राहुटी ठोकावी, तीन दगडांवर भात शिजवावा, उघड्यावर निजावे आणि पहाटे तळ मोडून पुढे निघावे, हे आपली वारी कितीतरी पिढ्या करीत आली आहे. २०२० आणि २०२१ साली साथीमुळे संतांच्या पादुका एस.टी.ने गेल्या, त्या दोन वर्षी वाटेवरच्या गावांना चुकल्यासारखे झाले ते ह्याच मुक्कामासाठी.

२०२४ सालच्या पौष वद्य एकादशीस त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा केली, मनमाडास परतलो आणि त्रयोदशीस निघालो. माघ शुद्ध एकादशीस पंढरी गाठायची. मध्ये बारा दिवस, आणि वळणे-वाकणे धरून अंतर चारशे किलोमीटरांच्या आतबाहेर. मोटार एका दिवसात जाते, मग बारा दिवस कशाला? तर उतरण्यासाठी.

पहिला मुक्काम अनकाईला. मनमाडहून मोटारीने थोडक्या मिनिटांची वाट! आम्ही म्हटले, "अगं, अजून तर घरचा धूरसुद्धा दिसतोय." पण त्यांचे म्हणणे, पहिले स्टेशन का चुकवायचे? अनकाई-टनकाईचे जुळे किल्ले, टनकाईच्या अंगाला जैन लेणी, अनकाईच्या माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान. ज्यांनी समुद्र एका आचमनात प्राशन केला ते हे अगस्ती. ह्या डोंगराच्या कुशीतून आम्ही किती वेळा गेलो असू, त्याची गणती नाही. वर मान करून पाहिले ते त्या संध्याकाळी.

दुसरा मुक्काम पुणतांब्यास, गोदावरीकाठी. येथे चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांची कथा आपणांस माहीत आहे. योगबळाने चौदाशे वर्षे जगलेला हा महापुरुष. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास बसला, पण मायना सुचेना. वयाने लहान म्हणून वडीलकीने लिहावे, तर ज्ञानाने ते थोर. नमस्कार लिहावा, तर आपण चौदाशे वर्षांचे! शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताई म्हणाल्या, एवढे जगूनही हा कोरा तो कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदास उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. समाधीपाशी बसून आम्ही घरच्या मंडळींना ही कथा मोठ्या रसाने सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, "मग तुमच्या कागदावर काय लिहिलंय?" आम्ही हसून वेळ मारून नेली.

तेथून श्रीरामपुरावरून नेवाशास आलो. प्रवरेचा काठ. येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माउलींनी ज्या खांबाला टेकून गीतेवर निरूपण केले तो पैस खांब आहे. तीन रात्री तेथे काढल्या. सकाळी पारायण, दुपारी झाडाखाली विश्रांती, संध्याकाळी हरिपाठ. संसारी माणसास स्वर्ग ह्याहून निराळा नसावा. मन म्हणू लागले, पाहा, घड्याळ सुटले, ड्यूटी सुटली, वरिष्ठ सुटले. झालो आपण निवृत्त! सज्जनहो, साधकाने सांभाळायचे ते नेमके अशा वेळी. चढावर गाडी आपली आपण हळू होते. अपघात होतो तो उतारावर.

पुढे तेव्हाचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. सीनेकाठच्या ह्या शहरात एक रात्र राहून दोन्ही कॅन भरून घेतले आणि मिरजगाव मागे टाकून करमाळ्याच्या वाटेला लागलो. निवृत्तिनाथांची पालखी आषाढीला जाते ती ह्याच मुलखातून. त्या वर्षी परिस्थिती बिकट होती. २०२३ चा पावसाळा ओढून गेला होता. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमच्या शेजारचा येवला होता आणि हा करमाळाही. उजनी धरण भरलेच नव्हते. हे सारे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. वाचणे वेगळे, वागणे वेगळे.

षष्ठीची संध्याकाळ. हमरस्ता सोडून तीन-चार किलोमीटर आत शिरलो, तो एक वस्ती लागली. पत्र्याची दोन घरे, एक बाभूळ, दावणीला एक म्हैस, अंगणात जमिनीत पुरलेला रांजण. एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडे; थोरली मुलगी दहा-अकरा वर्षांची. मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. आमच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहताच म्हातारी पायांवर डोके ठेवायला वाकली.

"या माउली! रातच्याला आता कुठं जाता? हितंच टाका तळ. पाणी हाय रांजणात. संकोच करू नगा."

तंबू ठोकला. म्हातारीने भाकरी दिल्या, घरच्या मंडळींनी पिठले केले. हरिपाठ झाला, मुलांनीही टाळ्या वाजविल्या. चांदणे नुकते मावळत होते. असे वाटले की पंढरी येथेच आहे.

दुसरे दिवशी रथसप्तमी. सूर्योदयापूर्वी स्नान, सूर्यास अर्घ्य, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. मालगाडीवर असलो तरी वाटेत उतरून चुकविला नाही, ह्याचा आम्हांस अभिमान! पहाटे उठलो, रांजणातून दोन बादल्या भरल्या, यथेच्छ स्नान केले, अर्घ्य दिले, ओले धोतर पिळून तंबूच्या दोरीवर टाकले. कॅनमधल्या चाळीस लिटरांस हात लावला नाही; ते पुढच्या मुक्कामासाठी राखून ठेवलेले, गाडीत, कुलपाच्या आत.

तांबडे फुटले. अंगणात गोवऱ्यांवर दुधाचे बोळके उतू जात होते. एवढ्यात ती मुलगी डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी घेऊन निघाली. आम्ही कौतुकाने विचारले, "काय गं, शाळा नाही का आज?"

"हाय की. पर रांजण रिता झालाय. दोन-तीन खेपा घालते आन् मग जाते."

घरच्या मंडळींनी हे ऐकले. त्या उठल्या, रांजणापाशी गेल्या, आत वाकून पाहिले. आम्हांस काही बोलल्या नाहीत. गाडीचे कुलूप काढले आणि एक कॅन ओढत ओढत अंगणात आणू लागल्या. आमचे गार्डाचे डोके! आम्ही म्हटले, "अगं, थांब. पुढं पाणी मिळेल न मिळेल, काय सांगावं?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "आपल्या गाडीला पुढचं स्टेशन तरी आहे. ह्यांना कुठलं आहे?" आणि मग, रागाने नव्हे, पण आमच्या जिव्हारी लागेल अशा बेताने, "अगस्तीच्या डोंगराखालचे ना तुम्ही! एका आचमनात अख्खा रांजण!"

सज्जनहो, दोन्ही कॅन रांजणात रिकामे झाले. ते करूनही त्या बसल्या नाहीत. कळशी घेऊन मुलीबरोबर निघाल्या. आम्हीही मुकाट्याने दोन बादल्या उचलल्या. विहीर दीड किलोमीटरवर. तिला स्वतःचे पाणी नव्हतेच. एक दिवसाआड टँकर येऊन त्यात ओतून जाई, मग बायका आणि मुले पोहऱ्याने शेंदून घेत. आम्ही घड्याळ पाहिले. ही खोड काही सुटली नव्हती. जाणे, रांगेत थांबणे, शेंदणे, परत येणे, एका खेपेस पाऊण तास. आमच्या दोन बादल्या म्हणजे त्या मुलीच्या तीन खेपा. म्हणजे आमचे रथसप्तमीचे पुण्य एका पोरीच्या सव्वादोन तासांवर उभे होते, आणि तिची शाळा त्याखाली चिरडली होती. परत येताना गुडघा लचकला, अर्धी बादली धुळीत सांडली. ती मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही ऱ्हाऊ द्या, सांडतंय." त्या सांडलेल्या पाण्याइतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

आता विचार करू. आम्ही कोण? एकनाथमहाराजांनी काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवास पाजली, ही कथा आम्ही प्रवचनांतून किती वेळा सांगितली असेल! श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले असेल! आणि प्रसंग आला तेव्हा त्या कथेत आमची जागा कोणती? नाथांची तर नव्हेच. गाढवाचीही नव्हे, ते निदान तहानलेले होते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, तेव्हा आमच्या खात्याच्या अभिमानाने आमची छाती फुगली होती. खात्याने वाघिणी भरून पाणी वाहिले, आणि खात्याच्या ह्या निवृत्त सेवकाने एका म्हातारीचा रांजण उपसला.

असे का झाले? आम्ही दुष्ट होतो म्हणून नव्हे. आमची नोकरी सुटली होती, पण हक्क सुटला नव्हता. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यास पास मिळतो. तो दाखवला की तिकीट लागत नाही. आम्ही गळ्यातल्या माळेचा असाच पास केला होता. माळ दिसली की जागा मिळावी, भाकरी मिळावी, पाणी मिळावे, आणि ते देणाऱ्याने वर पायांवर डोके ठेवावे! म्हातारीने माळेत पांडुरंग पाहिला. आम्ही माळेत सवलत पाहिली. तिची भक्ती खरी, आमचा नेम खोटा. कारण ज्या नेमाचा खर्च दुसऱ्याच्या डोक्यावरून येतो, तो नेम आपला कसला?

म्हणून निवृत्ती म्हणजे काम सुटणे नव्हे. माझे, मला, माझा नेम, माझी सोय, हा दावा सुटणे ही निवृत्ती. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, पण 'मी वडील' हा दावा सुटेना म्हणून त्यांचा कागद कोरा राहिला. पुणतांब्यास विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ह्या अंगणात मिळाले. आमचाही कागद कोराच होता. फक्त तो पेन्शनीचा असल्यामुळे भरल्यासारखा वाटत होता.

तो दिवस आम्ही तेथेच राहिलो. रांजण काठोकाठ भरेपर्यंत खेपा घातल्या. मुलगी दुपारच्या शाळेला तरी गेली. म्हातारी पुन्हा पुन्हा म्हणे, "आवो माउली, तुम्ही पाव्हणं. असं नगा करू." तेव्हा घरच्या मंडळी म्हणाल्या, "आजी, पाव्हणं एक दिवसाचं. कालच झालो की आम्ही पाव्हणं."

अष्टमीस करमाळा, आणि नवमीस अरण. येथे सावता महाराजांची समाधी आहे. सावतोबा आपला मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. परंपरा सांगते की पांडुरंगच त्यांच्या मळ्यात आला, आणि आजही देवाची पालखी पंढरीहून त्यांच्या भेटीस अरणला येते. समाधीपुढे आम्हांस त्या पोरीचा हंडा आठवला. चटकन मनात आले की तिचा हंडा हीच तिची पंढरी, असे प्रवचनात सांगावे. पण लगेच जीभ चावली. सावतोबांनी मळा आपण होऊन धरला होता. त्या पोरीने हंडा मागून घेतला नव्हता. दुसऱ्याच्या डोक्यावरच्या ओझ्याला भक्ती म्हणून गौरवायचे आणि आपण मोकळे चालायचे, हीही माळेची सवलतच! ओझ्याची आरती करू नये. ओझ्याला हात लावावा.

दशमीस पंढरीत पोचलो. चंद्रभागेपलीकडे पासष्ट एकरांच्या तळावर तंबू ठोकला. एकादशीस पहाटे घरच्या मंडळींसह नदीवर गेलो. नदीत पाणी बेताचेच. आम्ही ओंजळभर पाणी घेतले, मस्तकी लावले आणि बाहेर आलो. त्यांनी विचारले, "झालं एवढ्यात?" आम्ही म्हटले, "आंघोळ रथसप्तमीलाच झाली." त्या हसल्या. लग्नाला इतकी वर्षे झाली. पण आमच्या बोलण्यावर त्या अशा मोकळ्या हसल्याचे आम्हांस आठवत नाही. मुखदर्शन घेतले. रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईत आम्हांस रांजणवाली आजी दिसत होती, हेच त्या दिवशीचे दर्शन.

परतताना त्याच वाटेने आलो. करमाळ्यात एका वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांचा छोटा गाडा करून घेतला. चार हंडे मावतील आणि मुलाने ओढला तरी ओढेल असा. तो आणि दोन्ही कॅन वस्तीवर ठेवले. ह्यास दान म्हणू नका. मुक्काम केला होता, त्याचे ते भाडे.

वाचकहो, आपल्यातले पुष्कळजण आता निवृत्त आहात. हातात वेळ आहे, अंगात थोडी ताकद आहे, मुलांनी गाडी दिली आहे. जरूर निघा! उभयता निघा, हयातभर जिने डबा बांधला तिला तिच्या पसंतीच्या स्टेशनावर उतरू द्या. हळू जा. पण मुक्कामास थांबाल तेथे जागा विचारण्याआधी पाणी कुठून येते ते विचारा. आपल्याजवळचे पाणी आधी वापरा, गावचे मागून. पीठ-मीठ, भाजीपाला त्या गावातच विकत घ्या. नेमाला पाणी कमी पडले तर नेम लहान करा. सूर्यनारायण ओंजळभरानेही तृप्त होतो. आणि तळ मोडताना मागे वळून पाहा. तेथे आपला कचरा उरला असेल तर ती सहल झाली; रांजण भरलेला असेल तर ती वारी झाली.

श्रीनिवृत्तिनाथांनी आपल्या नावाची निवृत्ती आम्हां-तुम्हांस द्यावी, एवढेच त्यांच्या चरणी मागणे मागून ही सेवा येथेच थांबवितो.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!